टोक बघा, मग नाव घ्या

लाईन मटेरियलच्या स्टोअरमध्ये २९ वर्षं ड्रम उतरवून घेतलेल्या नागपूरच्या आमच्या ताई दर महिन्याला या पानावर वाचकांच्या तारा-खांबांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

प्रश्न : ताई, मी कामठीचा. इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करून चार महिन्यांपूर्वी एका लाईन ठेकेदाराकडे लागलो. मागच्या आठवड्यात सुपरवायझर साहेबांनी ‘रॅबिट घेऊन ये’ म्हणून पाठवलं. शेडमध्ये दोन वेटोळी पडली होती. दोन्हींत सात-सात तारा, रंग तोच, जाडीही तीच वाटली. मी एक उचलून नेलं. ते निघालं ट्रिपल-ए-सी. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. बाहेरून पाहून हे ओळखायचं कसं?

उत्तर : बोलणी खावी लागली याचं वाईट वाटलं, कारण बाहेरून पाहून हे ओळखता येतच नाही. जन्मभर खांबावर चढलेला माणूससुद्धा नुसतं पाहून खात्रीनं सांगणार नाही. सात तारांचा कोणताही उघडा कंडक्टर, म्हणजे लाईनवर ओढायची पिळलेली तार, घे, बाहेर सहा पिळलेल्या आणि मध्ये एक झाकलेली. फरक असतो तो त्या झाकलेल्या तारेत, नाहीतर धातूच्या जातीत. आणि धातूची जात तोंडावर लिहिलेली नसते.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी माझा डबा काढला. चाचणीनंतर उरलेले वीत-वीतभर तुकडे साहेबांना विचारून मी ठेवून घेत असे, ते अजून आहेत. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना बाइंडिंग वायरचे दोन वेढे, म्हणजे पीळ सुटत नाही. ओट्यावर तीन तुकडे शेजारी-शेजारी ठेवले आणि नातीला विचारलं, यातला वेगळा कोणता? तिनं उलटसुलट करून पाहिले. ‘सारखेच तर आहेत आजी.’ मग मी तुकडे उभे धरून तिला टोकं दाखवली. दोघांची टोकं अख्खी पांढरी, चकचकीत. तिसऱ्याच्या मधोमध एक काळपट राखाडी ठिपका आणि त्याच्या कडेला तांबूस गंजाची बारीक रेघ. ते रॅबिट.

रॅबिट म्हणजे एसीएसआर, पोलादाचा आधार दिलेला ॲल्युमिनिअम कंडक्टर. त्यात सहा तारा ॲल्युमिनिअमच्या आणि मधली एक जस्त चढवलेल्या पोलादाची, सगळ्या ३.३५ मिलिमीटरच्या. बाकीच्या दोन तुकड्यांत पोलाद नाही. एक एएसी, म्हणजे निव्वळ ॲल्युमिनिअम. दुसरा तुझा ट्रिपल-ए-सी, म्हणजे थोडं मॅग्नेशिअम आणि सिलिकॉन घातलेला मिश्रधातू, ज्याला आपण अलॉय म्हणतो.

तेव्हा पहिलं काम टोक ताजं कापणं. हॅक्सॉ चालवतानाच कान उघडे ठेव. ॲल्युमिनिअममध्ये ब्लेड मऊ आवाजात उतरतं आणि पोलाद लागलं की किंचाळतं, हातालाही ते कळतं. कापलेल्या टोकाला चुंबक लाव. माझा चुंबक जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला आहे. मधल्या ठिपक्याला तो टक्कन चिकटतो. बाजूनं लावलास तर सव्वातीन मिलिमीटर ॲल्युमिनिअमच्या आडून ओढ मंद लागते, छोटा चुंबक फसवतो. म्हणून चुंबक टोकालाच लावायचा.

चुंबक नसेल तर वजन कर. बरोबर एक मीटर तुकडा कापून किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेव. रॅबिट २१४ ग्रॅमच्या आसपास भरेल. त्याच्या जागी वापरतात तो ५५ चौरस मिलिमीटरचा ट्रिपल-ए-सी १४९ ग्रॅम. एवढा फरक डोळे मिटूनही हाताला कळतो. पुढच्या वेळी शेडमध्ये दोन्ही वेटोळी नुसती उचलून बघ.

तिसरी गोष्ट मायक्रोमीटर. ट्रिपल-ए-सीच्या सातही तारा ३.१५ मिलिमीटरच्या असतात, रॅबिटच्या ३.३५ च्या. तारेच्या व्यासात एक टक्का इकडेतिकडे चालतं, म्हणजे रॅबिटची तार ३.३२ ते ३.३८ मध्ये आणि अलॉयची ३.१२ ते ३.१८ मध्ये बसली पाहिजे. त्यांची गल्लत होत नाही. पण एक सुटी तार उलगडून, सरळ करून, दोन जागी काटकोनात मोज. पिळलेल्या अख्ख्या कंडक्टरवर मायक्रोमीटर ठेवणारे मी पुष्कळ पाहिले. तिथं जबडा तारेच्या उंचवट्यावर बसतो की खाचेत, यावर आकडा बदलतो.

खरी अडचण येते एएसी आणि ट्रिपल-ए-सी यांच्यात. दोन्हींत पोलाद नाही, चुंबक दोघांनाही धरत नाही. सात तारा ३.१० मिलिमीटरचा एएसी मीटरला १४५ ग्रॅम भरतो, अलॉय १४९. किराणा काटा इथं काही सांगणार नाही. इथं हात लागतो. दोन्हींची एक-एक सुटी तार घे, सारख्या लांबीची, आणि दोन्ही अंगठ्यांनी वाकव. निव्वळ ॲल्युमिनिअम सहज वाकतं आणि वाकवलं तिथं बऱ्यापैकी राहतं. अलॉय जोर मागतं, सोडलं की मागं उसळतं. दोन्ही हातात असतील तर चूक होत नाही. एकटीच तार हातात असेल तर मात्र हातावर भरवसा ठेवू नकोस, रोध मोजणाऱ्या ब्रिजवर तपासून घे. अलॉयचा विशिष्ट रोध निव्वळ ॲल्युमिनिअमपेक्षा सुमारे १६ टक्के जास्त असतो, तिथं लपवालपवी चालत नाही. हल्ली एएल-५९ नावाचं आणखी एक अलॉय लाईनवर येतंय. ते तर या दोघांच्या मधलं. तिथं ड्रमवरची पाटी, सोबतचं टेस्ट सर्टिफिकेट आणि ब्रिज, एवढंच खरं.

या दोघांत गल्लत झाली तर काय होतं ते सांगते. तो एएसी साधारण ८४० किलो ताणाला तुटतो, त्याच जाडीचा ट्रिपल-ए-सी १६०० किलोच्या पुढे जातो. दिसायला जुळी भावंडं आणि ताकद दुप्पट. अलॉय समजून कुणी निव्वळ ॲल्युमिनिअम दोन खांबांमधल्या लांब गाळ्यात ओढलं, तर ते पहिल्या वादळापर्यंतच टिकेल.

आता तुला एक प्रसंग सांगते, तो माझ्या मनातून जात नाही. त्याला बरीच वर्षं झाली. कळमेश्वरकडच्या एका ३३ केव्ही लाईनवर डॉग कंडक्टर होता, रॅबिटसारखाच एसीएसआर, पण जाड. डॉगचं टोक बघण्यासारखं असतं. बाहेर ४.७२ मिलिमीटरच्या सहा जाड तारा, आणि मध्ये एक नाही, तर १.५७ मिलिमीटरच्या सात बारीक पोलादी तारांचा छोटा दोर. तार तुटली होती. जोडायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसांनी स्टोअरमधून फक्त ॲल्युमिनिअमच्या स्लीव्ह, म्हणजे जोडावर दाबून बसवायच्या नळ्या, नेल्या. डॉगला दोन स्लीव्ह लागतात. आधी पोलादी दोरावर पोलादाची दाबायची, मग सगळ्यावर ॲल्युमिनिअमची. त्यांनी वरचीच दाबली. बाहेरून जॉइंट झकास दिसत होता. मे महिन्यात तो सरकून सुटला आणि तार मोकळ्या वावरात पडली. दुपारचे दोन वाजले होते, उन्हामुळे वावरात कुणी नव्हतं, म्हणून सगळे वाचले.

स्लीव्ह देताना माझ्यासमोर इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, होतं. त्यावर कंडक्टरचं नाव लिहिलेलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. त्या दिवसापासून नाव आणि तारांची संख्या लिहिल्याशिवाय मी एकही स्लीव्ह दिली नाही.

ती स्लीव्ह इतकी महत्त्वाची का, तेही बघ. डॉगमध्ये पोलाद क्षेत्रफळाच्या जेमतेम नवव्या हिश्शाएवढं आहे, पण कंडक्टरची जवळजवळ अर्धी ताकद त्याच्यात आहे. अख्खा डॉग ३३०० किलोला तुटतो. पोलाद न पकडलेला जॉइंट म्हणजे अर्धाच कंडक्टर ओढला जातोय. उलट, ट्रिपल-ए-सीवर एसीएसआरची दुहेरी स्लीव्ह चढवायला गेलं तर आत पकडायला पोलादच नाही. म्हणून तुझ्या साहेबांनी आवाज चढवला असेल. त्यांनी चढवायला नको होता, पण भीती खरी होती.

आकड्यांनीही तू गोंधळशील, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. रॅबिटला कुणी ‘५०’ म्हणेल, कुणी ‘३०’, आणि एखादे जुने लाईनमन काका ‘पॉइंट झिरो फाइव्ह’ म्हणतील. तिघंही बरोबर आहेत. ५० चौरस मिलिमीटर हे ॲल्युमिनिअमचं ढोबळ क्षेत्रफळ. ३० म्हणजे तेवढाच प्रवाह नेणाऱ्या तांब्याचं क्षेत्रफळ. आणि ०.०५ हे तेच तांबं, चौरस इंचात. डॉगचे हेच आकडे १००, ६५ आणि ०.१. इंडेंटवर आकडा आला तर तो कशाचा ते विचार, आणि त्याच्यापुढे तारांची मांडणी लिहून घे. ‘६/१/३.३५’ लिहिलं की वाद उरत नाही.

हे सगळं जमिनीवरच्या, ड्रममधल्या तारेचं. खांबावरच्या तारेला, लाईन बंद केल्याचं परमिट हातात आल्याशिवाय आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग लागल्याशिवाय चुंबकच काय, बोटसुद्धा लावायचं नाही.

प्रश्न : काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. बागेवरून जाणारी ११ केव्हीची जुनी तार काढून नवी टाकली. वायरमन म्हणाला, ‘आता यात लोखंड नाही, भाऊ.’ तेव्हापासून वडिलांच्या जिवाला घोर लागला आहे. लोखंड नसलेली तार कमजोर नाही का? आणि उन्हाळ्यात तार खाली येते तेव्हा किती खाली येणं ठीक?

उत्तर : दादा, वडिलांना सांगा, तार कमजोर नाही. तुमच्याकडे बहुधा रॅबिट काढून ट्रिपल-ए-सी टाकलं आहे. आकडे समोरासमोर ठेवा. रॅबिट तुटायला साधारण १८६० किलो लागतात, अलॉयला १६३०. नुसतं एवढं पाहिलं तर रॅबिट वरचढ. पण तारेला स्वतःचं ओझंही कायम पेलावं लागतं, आणि रॅबिट किलोमीटरला २१४ किलो भरतो तर अलॉय १४९. मी शिकाऊ पोरांना हे असं सांगत असे. समजा, तार आभाळातून सरळ खाली सोडत गेलो, तर स्वतःच्या वजनानं तुटायच्या आधी ती किती लांब लोंबेल? रॅबिट पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास. अलॉय सुमारे ११ किलोमीटर. स्वतःला पेलण्यात अलॉय पुढे आहे.

दुसरं म्हणजे गंज. एसीएसआरमध्ये पोलाद आणि ॲल्युमिनिअम अंगाला अंग लावून असतात. पोलादावर जस्ताचा थर असतो तोवर बरं चालतं. थर गेला आणि ओल शिरली की आतून सुरू होतं, ॲल्युमिनिअमचा पांढरा भुकटा होतो आणि तार मध्येच फुगलेली दिसते. स्टोअरमध्ये आम्ही पोलादी तार मोरचुदाच्या द्रावणात एकेक मिनिट बुडवून काढायचो. जस्त असेल तोवर तार काळपट राहते, जिथं जस्त संपलं तिथं चकचकीत लाल तांबं धरतं. एखाद्या तारेवर दुसऱ्याच बुडवणीत लाल ठिपका उमटला की अख्खा ड्रम बाजूला. कोकणच्या खाऱ्या हवेत गंजाचा प्रश्न फार मोठा. आपल्या विदर्भातल्या कोरड्या हवेत एसीएसआर वर्षानुवर्षं टिकतो, हेही खरं. पण ज्यात पोलादच नाही त्याला ही काळजीच नाही.

झोळाबाबत मात्र तुमची शंका रास्त आहे. ॲल्युमिनिअम उष्णतेनं पोलादाच्या दुप्पट पसरतं. रॅबिटमधलं पोलाद त्याला थोडं आवरून धरतं, अलॉयला आवरणारं कुणी नाही. हिशेब करून बघा. खांबांत ६० मीटरचं अंतर आहे, डिसेंबरच्या पहाटे तार १० अंशांवर आहे आणि नवतपात ऊन आणि लोड मिळून ती ६५ अंशांवर गेली. अलॉयची तार सुमारे साडेसात सेंटीमीटर लांबते, रॅबिट सव्वासहा. ऐकायला हे काहीच नाही. पण खाटेची नवार आठवा. बोटभर सैल झाली की मध्ये केवढी खोल जाते. तारेचंही तसंच, लांबीतले सेंटीमीटर झोळात कितीतरी पटींनी दिसतात. ताण कमी झाल्यावर तार थोडी आखडते, तेवढं वजा जातं, पण उरतं ते डोळ्यांना दिसण्याइतकं असतं. म्हणून तार ओढताना त्या दिवसाचं तापमान बघून झोळ ठेवायचा असतो, आणि अलॉयचा तक्ता वेगळा, रॅबिटचा वेगळा. जुन्या रॅबिटच्या तक्त्यानं अलॉय ओढली असेल तर उन्हाळ्यात ती हवी त्याहून खाली येईल. यात दोष तारेचा नसतो.

किती खाली चालेल याचा नियम आहे. शेतातून जाणारी ११ केव्हीपर्यंतची उघडी तार सगळ्यात खालच्या जागी जमिनीपासून ४.६ मीटर, म्हणजे १५ फूट, वर हवी. रस्ता ओलांडत असेल तर ६.१ मीटर. मोजायला तारेखाली बांबू उभा करू नका. पाया पडून सांगते, बांबू नको, टेपही नको. भर दुपारी लांब उभं राहून शेजारच्या खांबाच्या उंचीशी अंदाज घ्या, शंका आली तर सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यांच्याकडे मोजायची साधनं असतात.

आणि बागेचं एक. आंबिया बहार लागला की तुम्ही झाडांना बांबूचे टेकू देता, तोडणीला शिड्या येतात, फवारणीची गन येते. तारेखालच्या ओळींत ॲल्युमिनिअमची शिडी आणूच नका, आणि गनचं तोंड वर करू नका. तारेवर कसलंही आवरण नाही. ती अलॉय आहे की रॅबिट, हा फरक माणसाला लागत नाही. तार तुटून पडलीच तर ती निपचित पडलेली असली तरी जिवंत समजा. जवळ असाल तर पाय न उचलता, दोन्ही पाय जुळवून सरकत-सरकत लांब व्हा, बाकीच्यांना अडवा आणि १९१२ वर फोन करा.

प्रश्न : मी आठवीत आहे, महालात राहते. माझे बाबा घरी ‘आज पँथर ओढला’ असं म्हणतात. तारांना प्राण्यांची नावं का?

उत्तर : तुझा प्रश्न वाचून फार आनंद झाला. ‘३० ॲल्युमिनिअम, ७ पोलाद, सगळ्या तीन मिलिमीटर’ असं प्रत्येक वेळी कोण म्हणणार? ‘पँथर’ म्हटलं की झालं. ही पद्धत इंग्रजांकडून आपल्याकडे आली. पोलाद असलेल्यांना प्राणी. त्यात लहान तार म्हणजे लहान प्राणी, असं बरंचसं जुळतं. स्क्विरल म्हणजे खार, ती ६.३३ मिलिमीटर जाड. मग विझल, रॅबिट, रकून, डॉग, वुल्फ, पँथर, झेब्रा, आणि मूस ३१.७७ मिलिमीटर. निव्वळ ॲल्युमिनिअमला किड्यांची नावं, नॅट, अँट, वास्प. अलॉयला झाडांची. अमेरिकेत वेगळंच. तिथं पोलादवाल्यांना पक्षी, निव्वळ ॲल्युमिनिअमला फुलं आणि अलॉयला शहरांची नावं. आपल्या यादीत एक कुंडाही आहे. तो कुठला प्राणी नाही, कुंडा हे नीलगिरीतलं ठिकाण.

बाबांना एकदा पँथरचं कापलेलं टोक आणायला सांग. मध्ये एक, तिच्याभोवती सहा, मग बारा, मग अठरा. प्रत्येक थरात सहा तारा वाढतात. बेरीज कर, ३७ येईल. आतल्या सात पोलादाच्या, बाहेरच्या तीस ॲल्युमिनिअमच्या. आणि थर उलगडताना बघ, एक थर उजवीकडे पिळलेला तर त्याच्या आतला डावीकडे. सगळ्यात बाहेरचा नेहमी उजवा.

प्रश्न : मी शिक्षक आहे. कोराडीला सहल नेली की मुलं टॉवरच्या तारांबद्दल विचारतात. खालून बघून कोणती तार आहे हे सांगता येईल का?

उत्तर : सर, तारेची जात नाही, पण लाईन किती केव्हीची हे सांगता येतं आणि त्यावरून तारेचा अंदाज बांधता येतो. तार ज्या माळेला टांगलेली असते तिच्यातल्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या डिस्क मोजायला लावा. ९-१० असतील तर १३२ केव्ही, १३-१४ असतील तर २२० आणि २३ च्या आसपास असतील तर ४००. हल्ली एकसंध लांब पॉलिमरचे इन्सुलेटर येतात, त्यांत डिस्क मोजता येत नाहीत. १३२ वर बहुतेक पँथर असतो, २२० वर झेब्रा, ४०० वर मूस. ४०० ला एकेका फेजमध्ये दोन किंवा चार तारा समांतर जाताना दिसतील आणि त्यांना अंतरावर धरणारे स्पेसर. एकटीच तार ठेवली तर इतक्या दाबाला तिच्याभोवतीची हवा विद्युतभारित होते, चरचर आवाज येतो आणि वीज वाया जाते. दोन-चार तारांचा जुडगा केला की हे पुष्कळ कमी होतं. सगळ्यात वरची बारीक तार वीज नेत नाही, ती अर्थवायर. वीज कोसळली तर आधी तिनं झेलायची.

पण मुलांना एवढं जरूर सांगा की हा अंदाज आहे. जुन्या टॉवरवर आता नव्या जातीचे, जास्त तापमान सोसणारे कंडक्टरही चढतात. काहींच्या आत पोलादाऐवजी काळा कार्बनचा दांडा असतो आणि बाहेरच्या तारा गोल नसून पाचरीच्या आकाराच्या, एकमेकींना घट्ट भिडलेल्या. दुरून हे दिसत नाही. त्याचंही टोकच बघावं लागतं.

प्रश्न : आमच्या गल्लीतली तार बदलली तेव्हा पंधरा-वीस फूट तुकडा पडून राहिला. गंजत नाही म्हणून गच्चीवर कपडे वाळत घालायला बांधला आहे. चालेल ना ताई?

उत्तर : नाही चालणार, ताई. पहिलं म्हणजे तो तुकडा वीज कंपनीचा आहे. लाईनचं साहित्य परवानगीशिवाय जवळ बाळगणं २००३ च्या वीज कायद्याच्या १३६ व्या कलमात बसतं. सेक्शन ऑफिसला नेऊन द्या, कुणी काही म्हणणार नाही. दुसरी गोष्ट जास्त काळजीची. तुम्ही लिहिलं नाही, पण गच्चीवर अशी तार बहुधा त्याच लोखंडी पाइपाला बांधतात ज्यावरून घरात सर्व्हिस वायर येते. त्या वायरचं आवरण पाइपाच्या तोंडाशी घासून फाटलं की पाइप, पाइपावरची तार आणि तारेवरचे ओले कपडे, सगळ्यांत करंट. पावसाळ्यात यानं माणसं जातात. तुमची तार त्या पाइपाला बांधलेली असेल तर स्वतः सोडायला जाऊ नका, तिच्यावरचे कपडेही काढू नका. आज गच्चीचं दार लावून ठेवा आणि वायरमनला बोलवा. त्यानं पुरवठा बंद करून, तपासून तार सोडली की तिथं नायलॉनची दोरी बांधा, तीसुद्धा पाइपाला नाही, भिंतीतल्या हुकाला.